मल्टिमीडियाचं शिक्षण झालं, आता पहिली नोकरी कशी मिळवायची?

कोर्स संपत आला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘अजून कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ पुण्यातल्या स्टुडिओत नव्या मुलामुलींचं काम बघून निवड करण्यात माझा बराच वेळ जातो, आणि माझं उत्तर बहुतेक वेळा ‘सध्या कोणतंच नको’ असं असतं. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर, आफ्टर इफेक्ट्स यांपैकी जेवढं लागतं तेवढं साधारण सगळ्यांना येतं. गाडी अडते ती दुसरीकडे. कॉलेजात प्रोजेक्ट जमा झाला, मार्क मिळाले की विषय संपतो. नोकरीत तुमची फाइल दुसरा कोणीतरी उघडतो, तिसरा त्यात बदल सांगतो आणि चौथा ती छापायला किंवा प्रसारणाला पाठवतो. या सगळ्यांना त्रास न होता काम हातावेगळं करता येणं, यावर पहिली नोकरी मिळते आणि टिकते. तुम्ही बीएफए केलेलं असो, बीएस्सी मल्टिमीडिया असो की खासगी संस्थेतला डिप्लोमा, पुढच्या पायऱ्या त्याच आहेत.

१. आधी दार निवडा

‘मी मल्टिमीडिया केलंय, काहीही काम चालेल’ असं लिहून आलेला अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. या क्षेत्रात शिरायची दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी नवख्याकडून अपेक्षा वेगळी असते.

डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सीत रोजच्या पोस्ट, रील, सणावारांची क्रिएटिव्ह असतात, वेग लागतो. पुण्यात ई-लर्निंगच्या कंपन्या बऱ्याच आहेत. तिथे आकृत्या, छोटी ॲनिमेशन्स आणि भरपूर मजकूर नीट मांडता यावा लागतो, काम शांत असतं आणि वेळापत्रक त्यातल्या त्यात माणुसकीचं. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटांच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये, नवीन माणूस बहुतेक रोटो किंवा पेंटला बसतो. रोटोत एका शॉटमधल्या माणसाची कड फ्रेममागून फ्रेम कापत जायची, पेंटमध्ये नको ते तसंच पुसत जायचं. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांनी कोर्सच्या जाहिरातीतल्या ड्रॅगनकडे बघून या वाटेला जाऊ नये. मुंबईतल्या वृत्तवाहिन्यांत ग्राफिक्सची पाळी असते, रात्रपाळीसुद्धा. ॲप आणि वेबसाइटचं यूआय डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्यासमोरच्या स्क्रीन आणि बटणांची मांडणी, हे वेगळंच शास्त्र आहे, त्यासाठी पोस्टर दाखवून उपयोग नाही.

आणि तालुक्याच्या गावातली प्रेस आणि फोटो स्टुडिओ? तिथे लग्नपत्रिका, फ्लेक्स, अल्बम डिझायनिंग, व्हिडिओ मिक्सिंग असं सगळं येतं. अनेक विद्यार्थी हे काम सीव्हीमध्ये लपवतात. कृपा करून लपवू नका. ज्याने सहा महिने प्रेसमध्ये काढलेत त्याला रंग छापून कसा येतो, ग्राहक खरंच काय मागतो आणि सकाळी अकराला आलेलं काम संध्याकाळी सहाला कसं द्यायचं, हे ठाऊक असतं. माझ्या टेबलावर असा अर्ज आला की मी तो वर ठेवते.

एक मुख्य दार ठरवा, एक जोडीचं. पोर्टफोलिओ त्यानुसार बनेल.

२. पोर्टफोलिओ: कमी ठेवा, पण तुमचं ठेवा

सहा ते आठ कामं पुरेत. यूट्यूबवरच्या ट्युटोरियलवरून केलेलं काम बाहेर काढा; तो चकचकीत बाटलीचा थ्रीडी रेंडर निवड करणाऱ्याने शेकडो वेळा पाहिलेला असतो. गटाने केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुमचा भाग कोणता, हे स्पष्ट लिहा. ‘स्टोरीबोर्ड आणि पार्श्वभूमी माझी, ॲनिमेशन सहकाऱ्याचं’ एवढं पुरतं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं आणि तोच सहकारी पुढच्या आठवड्यात त्याच स्टुडिओत मुलाखतीला आला, असं घडतं. क्षेत्र छोटं आहे.

प्रत्येक कामाखाली तीन ओळी: कोणासाठी केलं, अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं. सॉफ्टवेअरच्या नावांपुढे टक्क्यांच्या पट्ट्या काढू नका. फोटोशॉप ९० टक्के येतं म्हणजे नक्की किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

खरा ग्राहक नसेल तर शोधा, तो गल्लीतच असतो. कोपऱ्यावरच्या खानावळीचं मेनूकार्ड घ्या. वरवर बघता साधं काम. पण आधी तिथे दोन दुपारी जाऊन बसा. भाव वर्षातून दोनदा बदलतात, म्हणजे भावाचा रकाना असा हवा की सगळं कार्ड पुन्हा छापावं लागू नये. ट्यूबलाइटखाली लॅमिनेशन चमकतं आणि बारीक अक्षर दिसत नाही. येणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे आहेत. मालक म्हणतात की लोक कार्ड न बघता थाळीच मागतात आणि मिसळ आहे हे त्यांना कळतच नाही. आता तुमच्याकडे खरे प्रश्न आहेत. जुनं कार्ड, तुमची पहिली तीन रेखाटनं, मालकांनी नाकारलेला पर्याय आणि त्यामागचं कारण, शेवटी छापलेल्या कार्डाचा टेबलावरचा फोटो, हे सगळं दोन पानांत मांडा. असं एक काम काल्पनिक परफ्यूमच्या ब्रँडच्या दहा पोस्टरांना भारी पडतं. गणेश मंडळाचा वार्षिक अहवाल, गावातल्या वाचनालयाच्या विषयवार पाट्या, बचत गटाच्या चटणीचं लेबल: अशी कामं कुठेही मिळतात. थोडे का होईना, पैसे घ्या. फुकट काम केलं की बदल संपत नाहीत.

पीडीएफ १० एमबीच्या आत ठेवा आणि ती स्वतःच्या फोनवर उघडून बघा, कारण समोरचा माणूस ती लोकलमध्ये उभा राहून फोनवरच बघणार आहे. बिहान्स या पोर्टफोलिओच्या संकेतस्थळावर तेच काम लावून लिंक द्या. व्हिडिओ किंवा ॲनिमेशनसाठी शोरील (निवडक शॉट्सची छोटी फिल्म) ६० ते ९० सेकंदांची, सर्वांत चांगला शॉट सुरुवातीला, नाव आणि फोन नंबर आरंभी व शेवटी. रोटो-कंपोझिटिंगच्या (वेगवेगळे थर एका शॉटमध्ये जुळवण्याच्या कामाच्या) रीलमध्ये आधीचं आणि नंतरचं दाखवाच; नुसता पूर्ण झालेला शॉट बघून तुम्ही काय केलंत ते कळत नाही.

३. देवनागरी नीट मांडायला शिका

हा भाग मी जरा लांबवणार आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक एजन्सीकडे मराठीतलं काम येतं, आणि ते नीट करणारे फार थोडे भेटतात. मराठी वाचत वाढलेल्या मुलांकडे इथे उपजत फायदा आहे, तो वापरला जात नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर टाकला आणि ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली, द्य फुटून हलन्त दिसू लागला, तर दोष फॉन्टचा नसतो. मजकूर जुळवणारं इंजिन चुकीचं निवडलेलं असतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये, इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा पर्याय सापडेल. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय असतो. हे एवढं ठाऊक असणारा नवखा पहिल्याच दिवशी कामाचा ठरतो.

मग बारकावे. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवायची सवय लागलेली असते. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि काही फॉन्टमध्ये त्या ऱ्य चं रूपच नसतं. फॉन्ट निवडताना ‘सुऱ्या, कृष्ण, उद्घाटन, श्री, ज्ञ’ असे शब्द लिहून तपासा. मराठी वळणाचा देठाचा श आणि पाकळीचा ल २००९ च्या शासन निर्णयातही सांगितलेला आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये मात्र आधी हिंदी वळण येतं आणि भाषा मराठी निवडल्यावरच ते बदलतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणासाठीच आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि त्यांच्यात बरेच जाड-बारीक प्रकार आहेत.

जुन्या प्रेसकडून आणि काही कार्यालयांकडून मजकूर अजूनही श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, येतो. युनिकोड फॉन्ट लावला की त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर ओळन् ओळ वाचावी लागते, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. पोर्टफोलिओत निदान दोन कामं मराठी मजकुराची ठेवा, आणि त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नको.

४. फाइल दुसऱ्याच्या हाती देण्याजोगी करा

मुलाखतीत मी अनेकदा पोर्टफोलिओ बाजूला ठेवून मूळ फाइल उघडायला सांगते. ‘लेयर ४७ कॉपी ३’ असली नावं दिसली की उरलेला अंदाज येतो. फोल्डरची रचना ठरवून घ्या: मूळ सामग्री, चालू काम, फॉन्ट, अंतिम. नावात ग्राहक, काम, तारीख आणि आवृत्ती यावी. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरूच नका, व्ही१, व्ही२ असं चालू द्या.

छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाया), फोटो ३०० डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नको. छपाई केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत कड येते. फ्लेक्स फुटांत मोजतात आणि लांबून बघतात, त्यामुळे पूर्ण मापाला ७२ ते १०० डीपीआय चालतं. प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार करा (मग मजकूर बदलता येत नाही), पण कर्व्ह न केलेली प्रत आधी जपून ठेवा. रात्री दहाला पाहुण्यांचं नाव बदललं असा फोन येतोच.

व्हिडिओत आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेम चालतात. मोबाइलवर चित्रित केलेल्या व्हिडिओचा फ्रेमरेट मध्येच बदलत असतो, त्यामुळे तो आधी एका दरावर आणला नाही तर आवाज सरकतो. रील १०८० बाय १९२०, आणि खाली व उजव्या कडेला मजकूर नको, तिथे बटणं येतात.

कोर्स संपला की सॉफ्टवेअरवरची विद्यार्थी सवलत संपते हेही लक्षात घ्या. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि कुठून तरी उचललेले फॉन्ट ग्राहकाच्या कामात गेले तर कंपनी अडचणीत येते. सरावासाठी ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप मोफत आहेत, आणि डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिटिंगसाठी भरपूर आहे.

५. अर्ज

पन्नास ठिकाणी एकच मेल पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी नीट लिहिलेला मेल पाठवा. मराठीत लिहिलात तरी चालतं, जर ती एजन्सी मराठीत काम करत असेल. मजकूर एवढाच हवा:

‘नमस्कार. मी नाशिकची, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आहे. तुम्ही केलेल्या दिवाळी अंकाच्या जाहिरातींतली अक्षररचना मला आवडली, तशा कामात शिकायची इच्छा आहे. माझी सहा कामं सोबतच्या पीडीएफमध्ये आहेत. दुसऱ्या क्रमांकाचं खानावळीचं मेनूकार्ड आधी बघावं ही विनंती. १ जुलैपासून पुण्यात रुजू होऊ शकते.’

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण करा. गणपती ते दिवाळी एजन्सींना हात कमी पडतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये विचारलेलं बरं. लिंक्डइन आणि इन्स्टाग्रामवर स्टुडिओ स्वतःच जागा जाहीर करतात, पण पहिली नोकरी बहुतेकांना सीनिअरच्या ओळखीने लागते. कॉलेजच्या आधीच्या दोन बॅचच्या लोकांना फोन करायला लाजू नका. ‘दादा, तुमच्याकडे जागा आहे का?’ यापेक्षा ‘ताई, माझ्या रीलमधलं काय काढू?’ हा प्रश्न जास्त दारं उघडतो.

सरकारी वाटाही आहेत. १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी पदवी आणि पदविकाधारकांनाही मिळते. राज्यात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरवलं होतं. सध्याचे नियम महास्वयम संकेतस्थळावर बघून घ्या.

नोकरीच्या बदल्यात ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ मागितली तर तिथून उठा.

६. टेस्ट आणि मुलाखत

टेस्ट देणं रीतीचं आहे. तीन-चार तासांचं काल्पनिक काम असेल तर आनंदाने करा. खऱ्या ब्रँडची आठवड्याभराची पूर्ण मोहीम मागत असतील तर ते तुमच्याकडून फुकट काम करून घेत आहेत. नम्रपणे सांगा की एक पोस्ट पूर्ण करून देते आणि बाकीची कल्पना कागदावर मांडते. कमी रिझोल्युशनची पीडीएफ द्या, मूळ फाइल नाही.

मुलाखतीत हमखास विचारलं जातं: हाच रंग का, हे वेगळं करायला सांगितलं असतं तर? ‘मला आवडलं म्हणून’ हे उत्तर तोकडं पडतं. घरी आरशासमोर नको, आईला किंवा धाकट्या भावाला समोर बसवून एकेक काम दोन मिनिटांत समजावून सांगा. ज्याला डिझाइनमधलं काही कळत नाही त्याला ते पटलं पाहिजे, कारण ग्राहकही तसाच असतो. इंग्रजीचा धसका घेऊ नका. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणं स्टुडिओत रोजचंच आहे. सुरुवात सर-मॅडम अशीच करा. नावाने हाक मारायला त्यांनी सांगितलं तर मारा.

एआयबद्दल विचारतील. खरं सांगा. कोणत्या कामात काय तयार करून घेतलं आणि त्यावर स्वतः काय केलं हे लिहूनच ठेवा. पार्श्वभूमी काढणं, फोटोतली नको ती वस्तू पुसणं ही पूर्वी नवख्यांकडे असलेली कामं आता मिनिटात होतात, त्यामुळे नवख्याकडून निवड आणि दुरुस्तीची अपेक्षा वाढली आहे. एआयने काढलेल्या चित्रातली नऊवारी आणि पैठणीचे काठ बघा म्हणजे दुरुस्ती कुठे लागते ते कळेल.

७. पगार आणि कागद

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ही हातात येणारी रक्कम नव्हे. पीएफ लागू असेल तर मूळ वेतनाच्या १२ टक्के तुमचे कापले जातात, आणि कंपनीचा वाटाही सीटीसीतच धरलेला असतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो नाही. म्हणून ‘हातात किती येतील?’ असं स्पष्ट विचारा. बरेच स्टुडिओ नव्यांना पगारावर न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतात. तेव्हा पीएफ नसतो आणि व्यावसायिक शुल्कावर साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरलेला कर) कापला जातो. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो टीडीएस परत मिळतो. ते भरायला विसरू नका, पैसे तुमचेच आहेत.

पुण्या-मुंबईत येणार असाल तर कॉट बेसिसवरची जागा, डबा आणि पास यांचा हिशेब मांडूनच आकड्याला हो म्हणा. स्वतःचा लॅपटॉप आणावा लागेल का, हेही विचारून घ्या.

ऑफर लेटरशिवाय रुजू होऊ नका. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम वाचा. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवायला न्या आणि परत आणा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. त्यामुळे पोर्टफोलिओत ते दाखवायला परवानगी लागते.

८. पहिले तीन महिने

बदल तोंडी सांगितले तरी लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. ‘जरा उठावदार करा’ याचा अर्थ विचारा: रंग, आकार की फोटो? काम वेळेत होणार नाही असं दुपारी वाटलं तर दुपारीच सांगा. संध्याकाळी सातला सांगितल्यावर कोणालाच काही करता येत नाही. पाठवण्यापूर्वी नावं, तारखा आणि फोन नंबर बोट ठेवून वाचा, आणि शक्य असेल तर तो नंबर लावून बघा. शेजारच्या सीनिअरची जुनी फाइल परवानगीने उघडून लेयर कसे लावलेत ते बघत जा.

दर महिन्याच्या शेवटी, प्रसिद्ध झालेल्या कामांपैकी कोणती पोर्टफोलिओत घेता येतील ते टीम लीडला मेलवर विचारा. प्रत्येक कामात तुमचा भाग कोणता होता तेही त्याच मेलमध्ये लिहा, आणि आलेलं उत्तर स्वतःकडे जपून ठेवा. नोकरी सोडताना हे सगळं एकदम गोळा करायला गेलं तर सांगणारा माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो.